नडगीचं हाड उघडं आहे, फ्लॅप किती दिवसांत व्हायला हवा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. खेडजवळ महामार्गावर धाकट्या भावाच्या दुचाकीला डंपरची धडक बसली, त्याला आज नऊ दिवस झाले. वय ३१, शेती आणि थोडी आंब्याची कलमं. नडगीचं हाड मोडलं, ते बाहेरून सळ्या लावून धरलं आहे. घोट्याच्या वर वीतभर कातडी आणि मांस गेलंय, आत हाड दिसतं. पाऊल गरम आहे, बोटं हलतात. हाडांचे डॉक्टर म्हणतात फ्लॅप लागेल, मोठ्या ठिकाणी न्या. घरातले म्हणतात ड्रेसिंग करत राहू, भरून येईल. मामा म्हणतात, पाय कापून एकदाचं मोकळं व्हा. ताई विचारतात: फ्लॅप म्हणजे नेमकं काय, तो टाळता येईल का, आणि भाऊ पुन्हा लावणीला चिखलात उतरेल का?

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मागून. घोट्यावरचं उघडं हाड नुसत्या ड्रेसिंगने झाकलं जाणार नाही. फ्लॅप, म्हणजे स्वतःच्या रक्तवाहिन्यांसकट आणलेला कातडी-मांसाचा तुकडा, लागेल, आणि लवकर लागेल. नऊ दिवस गेले म्हणून सगळं हातचं गेलं असं नाही, पण यापुढचा एकेक दिवस महाग आहे. पाय ठेवायचा की काढायचा, हे जखम उघडून पाहणाऱ्या दोन डॉक्टरांनी एकत्र बसून ठरवायचं असतं, एक हाडांचा आणि एक प्लास्टिक सर्जरीचा. मी भावाची जखम पाहिलेली नाही. त्या दोघांशी तुम्हाला नीट बोलता यावं, काय विचारायचं ते कळावं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. बावीस वर्षं मी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसांचे असेच फाटलेले, चेचलेले हातपाय पाहत आलोय. महामार्गावरचे अपघात, पॉवर टिलरमध्ये गेलेले पाय, चिऱ्याच्या खाणीतली यंत्रं, ग्रास कटरची पाती, ट्रॉलरच्या विंचमध्ये ओढले गेलेले हात. जखमेचं कारण वेगळं असतं, पण नातेवाइकांचा पहिला आठवडा बहुतेक वेळा एकाच वाक्यात जातो: ‘बघू, भरून येतंय का.’

आता जरा स्वतःची नडगी बोटांनी चाचपून पाहा. पुढच्या आतल्या बाजूला कातडीखाली लगेच हाड लागतं. मागे पोटरीचं मांस आहे, पण घोट्याकडे जावं तसं तेही संपतं आणि नुसत्या कंडरा उरतात, ज्यांना आपण बोलताना ‘नसा’ म्हणतो. त्यामुळे तिथली कातडी गेली की हाडाला झाकायला जवळपास काही उरत नाही. हाडावर एक पातळ आवरण असतं, त्यातून हाडाला बराच रक्तपुरवठा होतो. अपघातात ते खरवडून निघालं असेल तर खालचं हाड कोरडं, पांढरट, मेणचट दिसायला लागतं. वरचा थर मरतो, त्यात जंतू घर करतात, आणि मग वर्षानुवर्षं पू वाहणारं हाड माणसाला छळतं. अशी दहा-दहा वर्षं जुनी जखम फडक्याने बांधून चालणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यातल्या काहींना सुरुवातीच्या दोन आठवड्यांत फ्लॅप मिळाला असता तर त्यांचं आयुष्य वेगळं झालं असतं, ही माझी खात्री आहे.

‘मांडीची चामडी काढून लावली की झालं’, असं बरेच जण सांगतात. त्याला आम्ही स्किन ग्राफ्ट म्हणतो. ग्राफ्ट आणि फ्लॅप यांतला फरक एकदा कळला की बाकी सगळं सोपं होतं. ग्राफ्ट म्हणजे लावणी. तरवा मुळासकट उपटला, चिखलात रोवला. पहिले काही दिवस तो मान टाकतो, मग खालचं पाणी ओढून धरतो. मांडीवरून तासून काढलेला कातडीचा पापुद्राही तसाच. त्याच्याबरोबर रक्तवाहिनी येत नाही. पहिले दोन दिवस तो जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर तगतो, मग खालच्या बारीक केशवाहिन्या त्यात शिरतात आणि पाचव्या दिवशी ड्रेसिंग उघडलं की गुलाबी दिसतो. पण त्यासाठी खाली ओला चिखल हवा, म्हणजे लालसर, रक्त असलेलं मांस. कातळावर लावणी होत नाही. आवरण निघालेलं हाड, उघडी कंडरा, उघडा सांधा, हाडावर बसवलेली धातूची पट्टी हा सगळा कातळ आहे. तिथे ग्राफ्ट दोन-तीन दिवसांत वाळून जातो.

फ्लॅप स्वतःचं पाणी बरोबर घेऊन येतो. कातडी, खालची चरबी, कधी स्नायू, असा जाडसर तुकडा, आणि त्याला रक्त नेणारी धमनी व रक्त परत आणणारी शीर त्याच्यासोबत शाबूत. खालच्या जमिनीवर तो अवलंबून नसतो. उलट तोच खालच्या उपाशी हाडाला रक्त पुरवतो, आणि त्या रक्ताबरोबर तुम्ही टोचत असलेली अँटिबायोटिक्सही तिथवर पोचतात. म्हणून मी फ्लॅपला नुसतं झाकण म्हणत नाही. हाड जुळण्याच्या उपचाराचाच तो अर्धा भाग आहे.

ही काही कुठून तरी नव्याने आलेली तऱ्हा नाही, हेही मामांना सांगा. नाक कापलेल्या माणसाला शेजारची कातडी देठासकट वळवून नवं नाक बसवण्याची पद्धत सुश्रुतसंहितेत आहे. १७९३ मध्ये कावसजी नावाच्या बैलगाडीवानाच्या कपाळाची कातडी अशीच फिरवून पुण्यात त्याचं नाक बनवलं गेलं. ती हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि तिथून युरोपातल्या सर्जननी ही विद्या उचलली. देठ न तोडता मांस फिरवायचं, हे तत्त्व आजही तेच आहे.

आता दिवसांचा हिशेब. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या ल्युब्लियाना इथले सर्जन मार्को गोदिना यांच्या ५३२ रुग्णांचा अनुभव १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. हातापायांच्या मोठ्या जखमांवर ज्यांचा फ्लॅप ७२ तासांच्या आत झाला, त्यांच्यात तो निकामी होण्याचं प्रमाण ०.७५ टक्के आणि जंतुसंसर्ग १.५ टक्के होता. ७२ तास ते तीन महिने या काळात ज्यांचा झाला, त्यांच्यात हेच आकडे १२ आणि १७.५ टक्क्यांवर गेले. त्यानंतर औषधं, सूक्ष्मदर्शक, जखम सांभाळायच्या पद्धती बऱ्याच सुधारल्या आणि आज दुसऱ्या आठवड्यात केलेले फ्लॅपही चांगले टिकतात. पण दिशा बदललेली नाही. जखम जुनी होते तशा आसपासच्या शिरा सुजतात, ठिसूळ होतात, त्यांना टाका धरवत नाही, आणि हाड दरम्यान वाळत असतं. कोकणात ७२ तास पाळणं किती अवघड आहे हे मी जाणतो. पहिला दिवस प्राण आणि हाड सांभाळण्यात जातो, दुसरा पैशांच्या जुळवाजुळवीत. तुमच्या बाबतीत माझं म्हणणं एवढंच: दुसरा आठवडा संपायच्या आत फ्लॅप व्हावा, असं ध्येय ठेवा.

मात्र एक गोष्ट फ्लॅपच्याही आधीची आहे आणि तिच्यात कसूर चालत नाही: जखमेची सफाई. घाण जखमेवर घातलेला उत्तम फ्लॅप खालून सडतो. आपल्याकडची तांबडी माती स्नायूंच्या धाग्याधाग्यात जाऊन बसते. कित्येक लिटर सलाईनने धुतल्यावरही एखादी घडी उघडली की आत लाल कण दिसतात. मेलेलं मांस काढताना आम्ही रंग बघतो, चिमटा लावल्यावर ते आकसतं का बघतो, हाताला घट्ट लागतं का आणि कापल्यावर रक्त येतं का बघतो. जे या परीक्षेत बसत नाही ते काढावंच लागतं. नातेवाइकांना वाटतं, डॉक्टर उगाच जखम मोठी करताहेत. तसं नसतं. म्हणून हाडांच्या डॉक्टरांना तुमचा पहिला प्रश्न हा असू दे: सफाई किती वेळा झाली, शेवटची कधी, आणि आता आत मेलेलं काही उरलंय का? धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का, हेही विचारा. केसपेपरवर ‘ग्रेड ३बी’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ हाड उघडं आहे आणि झाकायला फ्लॅप लागेल. ‘३सी’ असेल तर पायाची मुख्य रक्तवाहिनीही तुटलेली होती, आणि ती जोडली का, कधी जोडली, हे कळल्याशिवाय पुढचं बोलता येत नाही.

काही ठिकाणी जखमेवर स्पंज घालून, वरून चिकट कागद लावून मशीनने हवा ओढतात. ही पद्धत चांगली आहे. सूज उतरते, घाण पाणी ओढलं जातं, फ्लॅपपर्यंतचे दिवस सुरक्षित जातात. तो पूल आहे, मुक्काम नव्हे. उघड्या हाडावर चार-चार आठवडे मशीन लावून ठेवलेले पेशंट माझ्याकडे येतात तेव्हा वाईट वाटतं. आणि वीज जाते तिथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: मशीन बंद पडून दोन तासांहून जास्त वेळ गेला तर तो स्पंज आत ठेवायचा नसतो, काढून साधं ओलं ड्रेसिंग करायचं असतं. बॅटरी किती वेळ चालते, ते नर्सला आजच विचारून घ्या.

कोणता फ्लॅप, हे बहुतेक वेळा जखमेची जागाच सांगते. गुडघ्याखालच्या वरच्या तिसऱ्या भागात जखम असेल तर पोटरीच्या मोठ्या स्नायूचा आतला अर्धा भाग पुढे वळवता येतो. काम तुलनेने सोपं, जिल्ह्याच्या ठिकाणीही होण्यासारखं. मधल्या भागाला त्याच्याच खालचा सोलियस नावाचा स्नायू पुरतो. घोट्याकडचा शेवटचा तिसरा भाग मात्र आम्हाला घाम फोडतो, आणि तुमच्या भावाची जखम तिथेच आहे. जखम लहान असती तर पोटरीमागची कातडी, घोट्याजवळचा देठ ठेवून, उलटी खाली फिरवता आली असती. हा फ्लॅप फ्रान्सच्या मास्केले यांनी १९९२ मध्ये मांडला, आणि जिथे सूक्ष्मदर्शक नाही तिथे त्याने असंख्य पाय वाचवले आहेत. पण तो लहरी आहे. माझ्या सुरुवातीच्या काळात एका अठ्ठावन्न वर्षांच्या बागायतदारांच्या टाचेवर मी तो केला. मधुमेह होता, बिडी होती, दोन्ही मला माहीत होतं. अशा माणसात फ्लॅप एकदम न उचलता दोन टप्प्यांत उचलायला हवा, म्हणजे देठातून येणाऱ्या रक्ताची त्याला सवय होते. मी एका दमात केला. चौथ्या दिवशी टोकाची तीन बोटं कातडी काळी पडली. त्यांची टाच अखेर भरली, पण जे तीन आठवड्यांत व्हायचं त्याला तीन महिने लागले. ती चूक माझी होती, आणि तेव्हापासून साखरेचा आणि तंबाखूचा हिशेब घेतल्याशिवाय मी त्या फ्लॅपला हात लावत नाही.

वीतभर जखमेला, त्यातून डंपरखाली आजूबाजूची कातडीही चेचलेली असताना, मी मुक्त फ्लॅपच निवडेन. यात मांडीच्या बाहेरच्या बाजूची कातडी किंवा पाठीचा, मांडीचा एखादा स्नायू, त्याच्या धमनी-शिरेसकट शरीरापासून पूर्ण सोडवतात आणि पायातल्या चांगल्या रक्तवाहिनीला जोडतात. या वाहिन्या साधारण दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या. टाके केसाहून बारीक धाग्याने, सूक्ष्मदर्शकाखाली. सहा ते आठ तास लागतात, कधी जास्त. असा पहिला मुक्त कातडी-फ्लॅप मेलबर्नमध्ये डॅनियल आणि टेलर यांनी १९७३ मध्ये एका तरुणाच्या घोट्याजवळच्या जखमेसाठीच केला होता. आज अनुभवी हातांत शंभरातले नव्वदहून अधिक फ्लॅप जगतात. उरलेल्यांत काय करायचं, याचा दुसरा आराखडा डॉक्टरांच्या मनात आधीच असावा लागतो. तो विचारायला संकोचू नका. चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही.

मुक्त फ्लॅप शक्यच नसेल, रक्तवाहिन्या खराब असतील, तर जुनी पद्धत अजून जिवंत आहे: दुसऱ्या पायाच्या पोटरीवरचा फ्लॅप जखमेवर शिवायचा, दोन्ही पाय तीन आठवडे एकमेकांना बांधून ठेवायचे आणि मग देठ तोडायचा. माणसाची सहनशक्ती बघणारी गोष्ट आहे, पण पाय वाचवते. हातासाठी याच जातीचा जांघेतला फ्लॅप आम्ही वारंवार वापरतो. कुडाळकडच्या एका कलमवाल्या आजोबांचा हात ग्रास कटरने सोलला होता. हात जांघेतल्या कातडीला शिवून ठेवायचा, तीन आठवड्यांत कातडी हाताच्या रक्तावर जगायला शिकते, मग जांघेकडचा देठ कापायचा, असं मी समजावत होतो. ते मध्येच म्हणाले, “म्हणजे ह्यां भेटकलमच झालां मां, डॉक्टरानू?” मी थबकलो. खरंच तेच आहे. कुंडीतलं रोप मातृवृक्षाच्या फांदीपाशी नेऊन, दोघांना तासून, बांधून ठेवायचं, आणि जुळल्यावरच फांदी आईपासून तोडायची. घाई केली तर कलम जळतं. त्या आजोबांनी तीन आठवड्यांत एकदाही हात ओढला नाही. तेव्हापासून बागायतदार माणसाला मी फ्लॅप याच शब्दांत समजावतो.

हाताचा विषय निघालाच आहे तर बंदरावरच्या लोकांसाठी दोन ओळी, कारण इथे रोज काहीतरी घडतं. विंचमध्ये किंवा दोरात बोट तुटलं की ट्रॉलरवर बर्फ हाताशी असतो, आणि खलाशी ते बोट थेट बर्फात पुरून आणतात. ते गोठतं, पेशी फुटतात, आणि जोडता येत नाही. स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ ओलसर फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट असं थंड ठेवलं तर बारा तासांनंतरही जोडण्याची आशा असते. हात किंवा पायच तुटला असेल तर त्यात मांस जास्त, म्हणून सहा तासांच्या आत रक्त सुरू व्हायला हवं.

मामांच्या बोलण्याकडे येतो. त्यांच्या मनात भाच्याची काळजीच आहे, आणि पाय काढणं हा कधीकधी योग्य उपचार असतो. पाय सहा तासांहून अधिक काळ रक्ताविना राहिला असेल, मांस आणि हाड दोन्ही चेचलं असेल, तर तो वाचवण्याच्या हट्टापायी माणूस गमावू शकतो. निर्णयाला आधार म्हणून कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी एक गुणांकन तयार केलं आहे, आणि आपल्याकडच्या जखमांना ते चांगलं लागू पडतं. कातडी, हाड, स्नायू-कंडरा यांना वेगवेगळे गुण आणि रुग्णाच्या इतर आजारांचे वेगळे. बेरीज १४ किंवा कमी असेल तर पाय वाचवावा, १७ किंवा जास्त असेल तर बहुधा काढावा, मधल्या आकड्यांत अनुभवी डोळ्यांनी ठरवावं. तुमच्या डॉक्टरांना हा आकडा विचारा. अमेरिकेत अशा शेकडो रुग्णांचा दोन वर्षं पाठपुरावा झाला. पाय वाचवलेले आणि पाय काढलेले, दोघांची दैनंदिन क्षमता सरासरीने जवळपास सारखीच निघाली. वाचवलेल्यांना जास्त ऑपरेशनं लागली, इतकाच ठळक फरक. म्हणून काढावा लागला तर त्यात कुणाचा पराभव मानू नका. जयपूर फूट लावून अनवाणी बांधावरून चालणारी, उकिडवं बसणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत. पण तुमच्या वर्णनात पाऊल गरम आहे, बोटं हलतात, असं दिसतं. अशा एकतीस वर्षांच्या माणसाचा पाय ‘मोकळं व्हायचं’ म्हणून काढू देऊ नका.

पैशांचं आणि प्रवासाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांच्याकडे जा आणि फ्लॅपचं पॅकेज तिथे मंजूर होतं का, हे रुग्णवाहिकेत बसण्यापूर्वी फोनवर विचारून घ्या. रस्ता अपघातासाठी केंद्राची २०२५ ची कॅशलेस योजना आहे, दीड लाखांपर्यंत, पण ती अपघातापासून सात दिवसांपुरती. तुमचे दिवस उलटले, तरी पहिल्या आठवड्याचं बिल तिच्यातून भागलं का, ते तपासा. कुठे न्यायचं? उत्तर रत्नागिरीतले लोक मुंबई-पुण्याकडे किंवा कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे, रत्नागिरीतले आंबा घाटाने कोल्हापूरला, सिंधुदुर्गातले बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जातात. शहर कोणतं, याला मी फार महत्त्व देत नाही. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडण्याचं काम नेहमी होतं का आणि हाडांचे डॉक्टर त्याच छताखाली आहेत का, हे दोन प्रश्न विचारा. निघण्याआधी ड्रेसिंगच्या वेळी जखमेचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. एक्स-रे, सफाईच्या ऑपरेशनचा कागद, दिलेल्या औषधांची यादी बरोबर हवी. हे आधी पाठवलं तर तिथले सर्जन पेशंट पोचण्याआधी तयारी करतात आणि दोन दिवस वाचतात.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जोखमीचे. जे फ्लॅप दगा देतात ते बहुतेक याच काळात देतात, आणि वेळेवर कळलं तर पुन्हा आत जाऊन वाचवता येतात. नर्स तासातासाला बघतील, पण ताई, तुम्हीही बघा. चांगला फ्लॅप शेजारच्या कातडीसारखा, कोमट, मऊ. जांभळा, फुगलेला, ताणलेला दिसू लागला तर परतीची शीर तुंबली आहे. पांढुरका, गार, सुरकुतलेला झाला तर धमनीतून रक्त येत नाही. रात्री तीन वाजता असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, डॉक्टरांना उठवायला सांगा.

तंबाखू पूर्ण बंद. सिगारेट, बिडी, गुटखा आणि मशेरीही. मशेरी दातांना लावायची म्हणून लोक तिला तंबाखूत धरत नाहीत, पण निकोटिन तेच आणि त्याने बारीक रक्तवाहिन्या आवळतात. पाहुण्यांनाही बाहेर बिडी-सिगारेट ओढून खोलीत येऊ देऊ नका. भाऊ लपवून खात असेल तर त्याच्यावर न रागावता ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि खाणं. ‘टाके आहेत, मासे खाऊ नको, पू होतो’ हे आपल्या प्रत्येक घरात सांगतात. प्रेमापोटीच सांगतात, पण याने पेशंटचं नुकसान होतं. एवढ्या मोठ्या जखमेतून शरीरातलं प्रथिन रोज वाहून जात असतं. बांगड्याच्या शंभर ग्रॅम मांसात वीसेक ग्रॅम प्रथिन असतं. बांगडा, अंडी, कुळथाची पिठी, डाळ, दूध, जे रुचेल ते भरपूर द्या. फक्त ऑपरेशनआधीचा उपास डॉक्टर सांगतील तेवढा पाळा, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारा.

मांडीवरून ग्राफ्टची कातडी घेतली असेल तर ती जागा पायापेक्षा जास्त चुरचुरते. दोन-तीन आठवड्यांत ती भरते, घाबरू नका. पाय आठवडाभर उशीवर उंच. मग रोज थोडा वेळ खाली लोंबता सोडायचा, पाच मिनिटांपासून सुरुवात, फ्लॅप जांभळा पडला की वर. पुढे लवचीक पट्टी किंवा दाब देणारा मोजा. सुरुवातीला फ्लॅप उशीसारखा फुगलेला दिसेल, चप्पल बसणार नाही. सहा महिन्यांनी हवा तर तो पातळ करता येतो, आणि बहुतेक शेतकरी माणसं तेव्हा म्हणतात, राहू दे असाच.

शेवटी लावणीचं. चालणं फ्लॅपवर अवलंबून नाही, हाडावर आहे. अशा उघड्या मोडलेल्या नडगीला जुळायला सहा ते नऊ महिने सहज लागतात. हाडाचा तुकडाच गेला असेल तर ते भरून काढायचं वेगळं ऑपरेशन लागतं आणि वर्ष उलटतं. दिवाळीनंतरचा अपघात आहे, त्यामुळे येत्या आषाढात त्याने बांधावर काठी घेऊन उभं राहून लावणी करून घ्यावी, इतपतच मी मनाशी धरेन. चिखलात उतरायचं ते एक्स-रेवर हाड जुळलेलं दिसल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, बहुधा त्याच्या पुढच्या पावसात. तेव्हाही गमबूट घालून. फ्लॅपच्या कातडीला स्पर्श नीट कळत नाही. काटा, जळू, गरम पाण्याची पिशवी, तापलेला कातळ, काहीच जाणवत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर पाय धुऊन, पुसून, फ्लॅपच्या कडा आरशात किंवा तुमच्याकडून बघून घ्यायच्या, आणि लाल ओरखडा दिसला तर दुसऱ्या दिवशी शेतात जायचं नाही.